सुगंधा, उद्या येताना

बूट नवे घेतलेस, बरं केलंस,
पण उद्याच घालू नकोस.
आठवडाभर पतसंस्थेत घालून बस, जिने चढ,
मिरचीच्या पेठेतून दोन फेऱ्या मार.
नवी बेअरिंग आधी मोकळी फिरवून घ्यावी लागते,
लगेच लोड दिला की तापते.
मी मोटारी भरणारा माणूस,
मला दाखले तेवढेच सुचतात.

पावणेपाचला माझ्या दुकानाच्या कट्ट्यावर ये.
उपाशी नको, पोटभरही नको.
एक केळ पुरे. मीठ-लिंबाचं पाणी मी आणतो.
गुडघा कुरकुरला तर सांग, लाजू नकोस;
आवाज लपवलेली मोटार
नेमकी भर हंगामात जळते.

कानातलं ते घरीच ठेव.
गाणी ऐकायचीच असतील
तर ट्रॅक्टरवाले वाजवतात,
फुकट, आणि मैलभर आधीपासून.

आणि उजव्या अंगानं पळ.
समोरची गाडी तुला दिसावी, तू तिला दिसावीस.
एकदा ओळख पटली
की दोघंही जरा सरकतात.

तवनाप्पा डाव्या अंगानं पळायचा.
हिरण्यकेशीवरून धुकं रस्त्यावर आलेलं,
कपाळावरचा दिवा सेल वाचवायला बंद,
आणि पुढं उसाची ट्रॉली, पंक्चर होऊन उभी,
मागं ना दिवा, ना झाडाची फांदी.
तिच्या हुकावर त्याच्या गुडघ्याची वाटी फुटली.
पेपरात चार ओळी आल्या.
वय छापलं पंच्याहत्तर. आहे सत्तावन्न.
गुडघ्यापेक्षा तेच त्याला जास्त लागलं.

मग आम्ही कोल्हापूरहून चमकत्या पट्टीचं रीळ आणलं.
पाठीवर, टाचेवर, दंडावर,
कुणी कुठं लावायची यावर तासभर वाद.
तवनाप्पा खाटेवर पडल्या पडल्या म्हणाला,
तुम्ही सहा जण.
ट्रॉल्या किती आहेत?

त्या रात्री आम्ही कारखान्याच्या आवारात शिरलो.
मळीचा वास, लांबच लांब रांग,
उसाखाली घोंगडी पांघरून झोपलेले ड्रायव्हर.
काहींनी मागं जुन्या सीड्या टांगलेल्या,
कुणाच्या तरी लग्नाच्या असतील,
वाऱ्यावर उलटसुलट फिरत होत्या.
आम्ही फडक्यानं चिखल पुसत गेलो
आणि पट्टी चिकटवत गेलो. घाईघाईत, वाकडी.

अकराव्या ट्रॉलीखालून एक जण उठला.
चोर म्हणून ओरडला, कोयता शोधू लागला.
मग पट्टी बघितली. हातानं चाचपली.
ईरण्णा त्याचं नाव, गोकाककडचा.
त्यानं माझ्या हातातली बॅटरी घेतली,
उजेड धरला आणि म्हणाला,
‘अवसर ब्याडा. निधान.’

त्यांच्यात अवसर म्हणजे घाई.
आपण जन्मभर जो शोधत फिरतो
तो नकोच, म्हणाला.
आणि निधान म्हणजे सावकाश;
आपल्यात ते हंड्यात घालून पुरलेलं असतं,
ज्याचं नशीब त्याला सापडतं.
मी पुढच्या पट्ट्या सरळ लावल्या.
रीळ एकोणचाळिसाव्या ट्रॉलीला संपलं.
रांग संपली नव्हती.

म्हणून पट्टी असलेली गाडी दिसली तर हात कर,
नसलेली दिसली तर नंबर लक्षात ठेव,
या महिन्यात दुसरं रीळ येतंय.

घड्याळाकडं फार बघू नकोस.
हिटणी नाक्याजवळ राज्य बदलतं,
पाट्यांवरची अक्षरं बदलतात,
चढ तोच राहतो.
दम लागला तर चाल. चालण्यात कमीपणा नाही.

नाक्यावर खुर्ची टाकून तवनाप्पा बसलेला असेल,
मांडीवर वही, प्रत्येकाची वेळ लिहीत.
तुझं नाव विचारेल, गाव विचारेल,
टाच आधी टेकते की चवडा, तेही विचारेल.
सगळं सांग.
फक्त त्याला वय विचारू नकोस.